प्रकल्प संपल्यावर काय उरतं?

ट्रॉलरच्या जाळ्याला शेवटी एक पिशवी असते. ओढलेली सगळी मासळी तिथे येऊन साचते. नेहमीच्या पिशवीचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळं भरत जातं तसा ताण वाढतो, शंकरपाळं मिटतं आणि बोटभर लांबीचं पिल्लूही आतच राहतं. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, त्यामुळे पिल्लं निसटू शकतात. सिंधुदुर्गात २०११ नंतरच्या काही वर्षांत जागतिक पर्यावरण सुविधा या निधीच्या पैशातून आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत मालवण किनाऱ्यासाठी एक प्रकल्प राबवला गेला. ४० मिलिमीटर चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रसार हा त्यातला एक भाग होता. त्याशिवाय कांदळवनातलं खेकडापालन होतं, भातासाठी ‘श्री’ पद्धत (कोवळी रोपं अंतर ठेवून लावण्याची) होती आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायकांनी होडीतून सुरू केलेली कांदळवन सफरही होती.

असा प्रकल्प यशस्वी झाला की नाही, हे ठरवण्याच्या कामाला मूल्यमापन म्हणतात. बाहेरून पाहिलं तर काम हिशेबतपासणीसारखं वाटतं. पण हिशेबतपासनीस ‘पैसे कुठे गेले’ एवढंच विचारतो. मूल्यमापन करणाऱ्याला ‘पैसे गेले त्यामुळे काय झालं’ हे शोधावं लागतं, आणि खरी अडचण त्या ‘त्यामुळे’ या शब्दात आहे.

जाळ्याचंच उदाहरण पुढे नेऊ. पैसे आले, जाळी विकत घेतली, वाटली. इथवरच्या पावत्या मिळतात. पुढे ती पिशवी ट्रॉलरला बसली का? बसली असेल तर पाहणीच्या दिवसापुरती, की मोसमभर? पिल्लं खरंच निसटली का? निसटलेली जगली का? त्यामुळे दोन-तीन वर्षांत मासळी वाढली का? वाढली तर ती पकडली कुणी, आणि पैसा कुणाच्या हातात पडला? ही साखळी आहे आणि तिची एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या कड्या निकामी होतात. अहवालांमध्ये पहिल्या तीन कड्या आकड्यांसह भरलेल्या दिसतात. पुढच्या पाच कड्यांच्या जागी बहुतेक वेळा ‘अपेक्षित आहे’ हे दोन शब्द असतात.

या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी कुठली, हे जेटीवर उभं राहिलं की कळतं. एका ट्रॉलरने चौकोनी आस लावला आणि शेजारच्याने लावला नाही, तर पहिल्याने सोडलेलं पिल्लू दुसऱ्याच्या जाळ्यात जातं. पहिल्याचं डिझेल तेवढंच जळतं, पण बारीक मासळीचे पैसे बुडतात. म्हणजे जाळं चांगलं असूनही एकट्याने वापरणारा तोट्यात जातो. अशा वेळी ‘किती जाळी वाटली’ हा आकडा बिनकामाचा ठरतो. ‘एका बंदरातल्या शंभर ट्रॉलरपैकी किती ट्रॉलरवर नोव्हेंबरात ती पिशवी आहे’ हा आकडा कामाचा. तोही कागदावरून घ्यायचा नाही, जेटीवर जाऊन मोजायचा. निकालाची खूण लिलावातल्या टोपलीत सापडते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडायच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. महिन्यातून दोन ठरलेले दिवस, दर वेळी चिठ्ठी टाकून निवडलेल्या दहा टोपल्या आणि एक मोजपट्टी. त्यातली किती मासळी किमान लांबीपेक्षा आखूड आहे, याची टक्केवारी तीन वर्षं लिहून ठेवली तर जाळ्याच्या प्रकल्पाबद्दल जाड अहवालापेक्षा जास्त कळेल.

सहा प्रश्न आणि त्यातला एक

परदेशी निधीच्या प्रकल्पांचं मूल्यमापन जगभर साधारण एकाच साच्यात होतं. हा साचा पॅरिसमधल्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये मांडला आणि २०१९ मध्ये सुधारला. त्यात आता सहा निकष आहेत. काम लोकांच्या गरजेचं होतं का, इतर योजनांशी मेळ खात होतं का (हा २०१९ मध्ये वाढवलेला निकष), ठरलेलं उद्दिष्ट गाठलं का, खर्चाच्या मानाने फळ मिळालं का, दूरवरचा परिणाम काय झाला, आणि निधी थांबल्यावर ते टिकेल का.

पहिले पाच प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण आतापर्यंतच्या मूल्यमापनांनी वारंवार दाखवलेला धडा सहाव्यापाशी आहे, आणि नेमका तोच प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जातो. अंतिम मूल्यमापन प्रकल्प बंद होण्याच्या थोडं आधी किंवा लगेच नंतर होतं. तेव्हा समन्वयकाचा पगार चालू असतो, जीप दारात असते, खेकड्यांच्या पिलांचा पुरवठा सुरू असतो. अशा वेळी ‘टिकेल का’ याचं उत्तर म्हणजे पावसाचा अंदाज. अंदाज चुकीचा असेलच असं नाही, पण त्याला मोजमाप म्हणता येत नाही.

खेकडापालनात हे लख्ख दिसतं. कुर्ल्या एकमेकींना खातात, विशेषतः कात टाकल्यावर अंग मऊ असताना. त्यामुळे सोडलेल्या पिलांपैकी किती हाती लागतील हे जागा, खाणं आणि आकारानुसार केलेली वेगवेगळी वाटणी यावर अवलंबून असतं. उबवणी केंद्रातून येणारी पिल्लं लांबून आणावी लागतात. प्रकल्प चालू असताना पिल्लं अनुदानात येतात आणि जाळीचं कुंपण फाटलं तर नवं मिळतं. म्हणून पहिल्या दोन पिकांचा नफा-तोटा मांडताना अनुदान वजा करून मांडायचा. पिल्लांची पूर्ण किंमत, वाहतूक, मेलेली पिल्लं, खाण्यासाठी लागणारी टाकाऊ मासळी, रात्रीची राखण (राखणीची मजुरी कुणीच धरत नाही, कारण ती घरातलीच माणसं करतात) हे सगळं धरून गटाच्या हाती काही उरलं, तर तिसरं पीक घेतलं जाईल. नाहीतर कुंपण तेवढं उरतं.

ओडिशातल्या सुधारित चुलींची गोष्ट याच जातीची. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ४४ गावांतल्या सुमारे २,६०० घरांचा चार वर्षांपर्यंत माग ठेवला. धूर बाहेर काढणारी चूल प्रयोगशाळेत चांगली ठरली होती. घरात आल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झालेलाही दिसला. त्यानंतर फरक विरत गेला. चुली नीट राखल्या जात नव्हत्या, मोडत होत्या, आणि रोजच्या वापरात जुनी चूल परत आली होती. आरोग्यात किंवा सरपणाच्या खर्चात फरक सापडला नाही. पाहणी पहिल्याच वर्षी आटोपली असती तर हीच चूल यशाचा नमुना म्हणून गाजली असती.

घरात ठरवतं कोण?

काही वेळा वस्तू टिकते, वापरलीही जाते, पण साखळी दुसरीकडेच तुटते. जागतिक बँकेच्या मदतीने १९९५ च्या सुमारास बांगलादेशात मुलांच्या कुपोषणावर मोठा प्रकल्प सुरू झाला. नमुना घेतला होता तामिळनाडूचा, जिथे १९८० पासून असाच कार्यक्रम चालला होता. मुलांचं वजन घ्यायचं, आईला आहाराबद्दल समजावायचं, गरजू मुलाला पूरक आहार द्यायचा. बांगलादेशात आयांना माहिती मिळाली, पण मुलांच्या वजनात अपेक्षेएवढा फरक पडला नाही. मूल्यमापन करणाऱ्यांनी खोदून पाहिलं तेव्हा कळलं की ग्रामीण बांगलादेशात बाजार बहुतेक पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात चूल सासूच्या ताब्यात असते. सगळं समजावलं होतं ते घरात ज्या बाईचं काही चालत नव्हतं तिला.

यावरून धडा असा नाही की ‘दुसरीकडचं इथे चालत नाही’. धडा इतकाच की नमुना उचलताना त्यामागची गृहीतकं कागदावर लिहायची आणि एकेक तपासायची. कोकणात तर एका घरातही दोन तिजोऱ्या असतात. मासळी विकणाऱ्या बाईच्या हातात रोजची रोकड असते. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब दलालाच्या वहीत आणि घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असतो. ‘कुटुंबाचं उत्पन्न वाढलं’ असं एक वाक्य लिहून भागत नाही. कुठल्या तिजोरीत वाढलं ते लिहावं लागतं.

किनाऱ्याला हे पूर्वीच चांगलं समजायला हवं होतं. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२ मध्ये करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे भारत-नॉर्वे मत्स्य प्रकल्प उभा राहिला. पुढे साठच्या दशकात त्याचं काम कारवारपर्यंत आलं. सुरुवातीचा हेतू लहान मच्छीमारांचं जिणं सुधारण्याचा होता. त्यात होड्यांना इंजिन होतं, बर्फ होता, पाणीपुरवठा आणि दवाखानाही होता. काही वर्षांतच कोळंबीला परदेशात भाव आला, ट्रॉलिंग वाढलं आणि भांडवल असलेले लोक धंद्यात उतरले. उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या आकड्यांनी पाहिलं तर प्रकल्प जोरात. पारंपरिक मच्छीमाराच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याच पाण्यात नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. दोघांमधला संघर्ष इतका वाढला की केरळने १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलिंगवर बंदी घातली. महाराष्ट्रात किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकरी आणि मासळीच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणारे पर्ससीनवाले यांच्यातला वाद, आणि २०१६ मध्ये पर्ससीनवर आलेले निर्बंध, हे त्याच कुळातले. एकच प्रकल्प, एकच समुद्र. यश की अपयश हे निकष कुणी ठरवला त्यावर.

तिकडे केनियात नॉर्वेनेच तुर्काना सरोवराकाठी मासळी गोठवण्याचा कारखाना बांधला. तिथले लोक मुख्यतः गुरं पाळणारे. वाळवंटात मासळी गोठवण्याचा खर्च मासळीच्या किमतीला पेलेना, आणि पुढे दुष्काळात कारखान्याजवळचा सरोवराचा फाटाच आटला. कारखाना जवळजवळ न चालताच बंद पडला.

हापूसचं वर्ष आणि चाकरमान्यांचा मे

‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना ही मूल्यमापनातली सर्वांत सोपी पद्धत, आणि फसवणारीही तीच. हापूसचं झाड एक वर्षाआड भरघोस धरतं. समजा बागायतदारांसाठीच्या प्रकल्पाची पहिली पाहणी झाडाने विश्रांती घेतली त्या वर्षी झाली, आणि शेवटची पाहणी बहराच्या वर्षी. प्रकल्पाने काहीच केलं नाही तरी उत्पन्न दुप्पट दिसेल. पाहण्या उलट्या क्रमाने झाल्या तर चांगला प्रकल्पही नापास. म्हणून बागेत एका वर्षाचा आकडा घ्यायचाच नाही. आधीची किमान दोन आणि नंतरची किमान दोन वर्षं घ्यायची आणि सरासरी काढायची. शिवाय कल्टार (दर वर्षी मोहोर यावा म्हणून झाडाला देतात ते संजीवक) वापरणाऱ्या बागा वेगळ्या नोंदवायच्या, कारण तिथे हे चक्रच बदललेलं असतं.

महिनाही तितकाच घात करतो. मासेमारी जून-जुलैत बंद. त्या दिवसांत मच्छीमाराला ‘गेल्या महिन्याचं उत्पन्न’ विचारलं तर शून्य लिहिलं जाईल, आणि हंगाम उघडल्यावर दोन महिन्यांनी विचारलं तर डोळे दिपतील. लावणीच्या दिवसांत दुपारी घरी म्हातारं माणूस आणि कुत्रा. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आलेले, घरात माणसं दुप्पट, खर्च तिप्पट. वर मुंबईहून येणारा पैसा वेगळा विचारला नाही, तर पोराच्या लालबागच्या पगाराचं श्रेय गांडूळखताच्या प्रकल्पाला जातं. हे विनोदाने लिहिलेलं नाही. पहिली आणि शेवटची पाहणी एकाच महिन्यात करणं ही या कामातली बिनखर्चाची सुधारणा आहे, तरी ती सतत राहून जाते, कारण तारखा शेताच्या नसतात, निधीच्या आर्थिक वर्षाच्या असतात.

यावरचा पक्का उपाय म्हणजे तुलनेचा गट. प्रकल्प नसलेली, पण बाकी सगळ्या बाबतीत तशीच गावं. ‘तशीच’ यावर भर. खाडीकाठच्या गावाची तुलना सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, गावाशी करून उपयोग नाही. निवड चिठ्ठ्या टाकून झाली तर उत्तम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशा प्रयोगांच्या पद्धतीसाठी. पण इथेही एक खोच आहे. एका वाडीला ‘श्री’ पद्धत शिकवली की पुढच्या मोसमात सोयरे-धायरे बघून करतात. तुलनेची वाडीही सुधारते आणि फरक कमी दिसतो. प्रकल्पाला खरं तर हे यश म्हणायचं, पण तक्त्यात ते अपयश म्हणून उतरतं. तुलनेची गावं निवडताना दोन्हीकडची माणसं कुठल्या बाजारात भेटतात हे विचारून घ्यावं.

जे घडलं नाही ते मोजणं याहून अवघड. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं मेली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळाआधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या काळात निवारे, इशारा पोचवण्याची साखळी आणि गावपातळीवरच्या रंगीत तालमी उभ्या राहिल्या होत्या. दोन वादळं सारख्या ताकदीची नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय तयारीला देता येत नाही. पण इतका मोठा फरक निव्वळ वाऱ्याचा असणंही अवघड आहे. कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि पोफळीच्या बागा झोपल्या. नव्याने लावलेली सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. अशा भागात पुनर्वसनाच्या योजनेचं मूल्यमापन दोन वर्षांनी करून ‘उत्पन्न पूर्ववत झालं नाही’ असा शेरा मारण्यात काहीच अर्थ नाही. दोन वर्षांनी मोजायची ती जगलेली रोपं.

डांबरी रस्त्याची नजर

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी पाहुण्या तज्ज्ञांच्या नजरेतले दोष नोंदवले. ते गाडी जाते तिथेच जातात, कोरड्या ऋतूत येतात, पुरुषांशी बोलतात, आणि जिथे प्रकल्प आहे तेच पाहतात. कोकणात हे चारही दोष एका दिवसात जमतात. डिसेंबर-जानेवारीची हवा छान, महामार्गावरून आत पाच किलोमीटर, सरपंचांच्या ओटीवर चहा, बचत गटाच्या अध्यक्षांचं मनोगत, सोलकढी. ज्या वाडीला साकव ओलांडून जावं लागतं ती राहून जाते. बंदरात बोटमालकाला विचारलं जातं. बोटीवर काम करणारा खलाशी, जो अनेकदा नेपाळचा असतो, तो प्रश्नावलीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पाण्याच्या योजनेला हा दोष सर्वांत महाग पडतो. पाऊस ३,००० मिलिमीटर, पण जांभ्यातून आणि उतारावरून पाणी झरझर निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. जानेवारीत पाहणी केली तर प्रत्येक नळ यशस्वी. महाराष्ट्रात २००३ पासून जागतिक बँकेच्या १८.१ कोटी डॉलरच्या कर्जातून जलस्वराज्य प्रकल्प राबवला गेला. त्यात गावाने स्वतः मागणी करायची, खर्चाचा साधारण दहावा हिस्सा भरायचा आणि समितीने योजना चालवायची, अशी रचना होती. ज्याने वर्गणी भरली तो नळ सांभाळेल हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे, पण तपासायची गोष्ट अशी की वर्गणी घरोघरी जमली, की एकट्यादुकट्याने किंवा ठेकेदाराने भरून टाकली. तसं झालं असेल तर कागदावर दहा टक्के दिसतात, मालकीची भावना मात्र एका घरापुरती. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत हातपंपांची मोजणी झाली तेव्हा कुठल्याही वेळी साधारण एक तृतीयांश पंप बंद आढळले. कारणं ओळखीची: सुटे भाग नाहीत, दुरुस्ती करणारा नाही, गाठीला पैसा नाही. आपल्याकडे यादीत जळालेली मोटर आणि थकलेलं वीजबिल वाढवायचं.

ही पाहणी गावाला स्वतःच करता येते. तालुक्यातल्या चाळीस वाड्यांपैकी बारा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येकीत पंधरा घरं, म्हणजे १८० घरं. तीन वाड्यांत साठ-साठ घरं घेतली तरी बेरीज १८०च होते, पण ती पाहणी कच्ची. एका वाडीतली सगळी घरं एकाच टाकीवर असतात, त्यामुळे साठ घरं विचारून कळतं एकाच टाकीबद्दल. दिवस मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातले. चाकरमानी आलेले असतील तर घरातली बारमाही माणसं वेगळी लिहा. हातात २० लिटरची बादली आणि घड्याळ. बादली दोन मिनिटांत भरते, नळ एक दिवसाआड अर्धा तास येतो, घरात पाच माणसं, असं धरू. अर्ध्या तासात १५ बादल्या, ३०० लिटर. दोन दिवसांना वाटले तर रोजचे १५०, माणशी ३०. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. ‘नळजोडणी आहे’ या रकान्यात या घराची बरोबरची खूण असते. वरच्या वाडीचा आकडा खालच्या वाडीत मिसळून सरासरी काढू नका; कोकणात गावाची सरासरी म्हणजे कुणाच्याच घरात न येणारं पाणी.

अलीकडच्या वर्षांत हरित हवामान निधीच्या सुमारे ४.३ कोटी डॉलरच्या अनुदानातून आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एक मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि त्यात सिंधुदुर्ग आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे आणि जागतिक बँकेचे मूल्यमापन अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर कुणालाही वाचता येतात, मात्र इंग्रजीत आणि दीड-दोनशे पानांचे. सगळं वाचायची गरज नाही. आधी शेऱ्यांचा तक्ता काढा. जागतिक पर्यावरण सुविधेच्या प्रकल्पांत यशाचा शेरा सहा पायऱ्यांवर देतात आणि टिकाऊपणाचा चार पायऱ्यांवर. यशाचा शेरा ‘समाधानकारक’ आणि टिकाऊपणाचा ‘साशंक’ अशी जोडी दिसली तर दुसऱ्याचं कारण लिहिलेला परिच्छेद शोधा. मग पहिली आणि शेवटची पाहणी कुठल्या महिन्यात झाली ते पाहा. परिशिष्टात भेट दिलेल्या गावांची यादी असते, ती नकाशावर लावून महामार्गापासूनचं अंतर बघा. शेवटी ‘व्यवस्थापनाचा प्रतिसाद’ हा तक्ता: प्रत्येक शिफारशीपुढे मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, कोण करणार, कधीपर्यंत. ‘अंशतः मान्य’ लिहिलेल्या ओळी आणि उलटून गेलेल्या तारखा एका कागदावर उतरवून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेला तोच कागद घेऊन जा.